माझ्या प्रेस नोटमधली एक ओळ

ती घटना आजही आठवली की आधी राग येतो, आणि तो माझाच मला येतो. चौतीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पळालेली माणसं शोधून आणली. पण सगळ्यात अवघड तपास कोणता असं कुणी विचारलं की मी याच गुन्ह्याचं सांगतो. ऐकणारा हिरमुसतो, कारण कागदावर तो अगदी किरकोळ आहे. रुग्णवाहिकेवर दगडफेक, सरकारी कामात अडथळा, आरोपी अज्ञात. नावं कुणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना पुन्हा चर्चेत आणायचा मला अधिकार नाही.

करोनाची दुसरी लाट होती. बीड जिल्ह्यात परळीच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. मूळचा खानदेशातला, त्या भागात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ठाण्यातली निम्मी माणसं घरी विलगीकरणात आणि उरलेली नाकाबंदीवर होती. ठाणे अंमलदार एकटाच डायरी लिहायचा, फोन घ्यायचा आणि आलेल्या माणसाच्या हातावर सॅनिटायझरही ओतायचा. वरून रोज नवा आदेश यायचा आणि कालचा रद्द व्हायचा. टीव्हीवर एक डॉक्टर एक औषध सांगायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा त्यालाच खोडून काढायचा. लोक माझ्या तोंडावर विचारायचे, 'साहेब, ह्यातलं खरं कोणचं?' मी दरडावून म्हणायचो, 'सरकार सांगतं ते.' मला तरी कुठं ठाऊक होतं.

आमच्या हद्दीतल्या एका गावात एक आडते होते. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांची धान्याची आडत. साठी ओलांडलेले, लिंगायत समाजातले, माणूस शब्दाचा पक्का म्हणून ओळखले जायचे. त्यांना आपण अप्पा म्हणू, नाही तरी त्या भागात निम्म्या म्हाताऱ्यांना अप्पाच म्हणतात. अप्पांना ताप आला, दम लागला, मुलानं कोविड केंद्रात भरती केलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हाच्या नियमानं मृतदेह घरी दिला नाही. पिशवीत बंद करून कर्मचाऱ्यांनीच माती दिली. मुलगा लांब कुंपणापाशी उभा होता. अप्पांचा चेहरा कुणालाच दिसला नाही.

गावात कुजबुज सुरू झाली की अप्पांना बेवारशासारखं पुरलं. एका वार्ताहरानं मला फोन केला. मी केंद्रात विचारलं, तर तिथला कारकून म्हणाला, 'सगळं नियमानुसार झालं साहेब.' झालं. मी प्रेस नोट लिहायला घेतली. नुसतं 'नियमानुसार' जरा कोरडं वाटलं, म्हणून एक ओळ माझ्या पदरची घातली: 'मृताच्या धार्मिक परंपरेनुसार सर्व विधी करून अंत्यसंस्कार करण्यात आले.' खाली, अफवांवर विश्वास ठेवू नये, अन्यथा कारवाई होईल. सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पेपरांनी ती नोट जशीच्या तशी छापली. एकानंही कुणाला विचारलं नाही की बाबा, हे खरं आहे का.

त्याच दिवशी अप्पांच्या घरच्यांची तपासणी करायला रुग्णवाहिका गावात गेली आणि गल्लीच्या तोंडाशी तिच्यावर दगड आले. पुढची काच फुटली. चालकाच्या कपाळाला चार टाके पडले. आम्ही पोहोचलो तोवर गल्ली रिकामी होती. पंचनामा केला, गुन्हा दाखल केला, घरोघर विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, 'आमी शेतात गेलतो.' संचारबंदीत सगळी गल्ली एकाच वेळी शेतात. त्यातच एका स्थानिक यूट्यूब चॅनलवर व्हिडिओ आला की केंद्रात माणसं मारून किडन्या काढतात. त्या दिवसापासून आसपासच्या चार गावांतलं एकही माणूस तपासणीला येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला खबर मिळाली. गावातल्या मेडिकल दुकानदाराचा फोन होता. आवाज अगदी बारीक करून बोलत होता.

'साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. अप्पाचा पोरगा तापाच्या गोळ्या तीनदा घेऊन गेला. काल बोटाला लावायचं मशिन नेलं. आज इचारत होता, हवेचा सिलिंडर मिळंल का.'

'कुणासाठी?'

'तेच की. काकू माहेराला गेल्यात म्हणून सांगतोय. माणूस माहेरी असल्यावर मशिन कुणाच्या बोटाला लावणार?'

काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. मी घाटनांदूरच्या एका ओळखीच्या अंमलदाराला फोन करून त्यांच्या माहेरी चौकशी करायला लावली. अर्ध्या तासात निरोप आला की तिथं कुणी आलेलं नाही. म्हणजे बाई घरातच होती आणि तिचा श्वास कमी पडत होता. दगड कुणी मारले हा प्रश्न त्या क्षणी माझ्यासाठी मागं पडला. ही बाई जिवंत केंद्रात पोचली पाहिजे, एवढं एकच डोक्यात राहिलं.

दोन शिपाई घेऊन मी त्या दारात गेलो. मुलगा उंबऱ्यात आडवा उभा राहिला. पस्तिशीचा, शिकलेला, डोळे तारवटलेले.

'काकू कुठं आहेत?'

'माहेरी.'

'घाटनांदूरला विचारून आलोय मी.'

त्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, 'मंग न्हाई तर न्हाई. घरात हाय. न्यायचं न्हाई तिला. साहेब, तुमी खोटं बोलता, डॉक्टर खोटं बोलतो, पेपरात खोटं छापून येतं, टीव्हीवाले तर दिवसभर तेच करत्यात. आमी ऐकावं कुणाचं, सांगा की.'

'जाऊ दे बे, कामून लागतोस त्यांच्या नादी,' शेजारचा एकजण म्हणाला. गल्लीतली माणसं एकेक करून बाहेर यायला लागली होती. आतून खोकला ऐकू येत होता, कोरडा आणि न थांबणारा.

तहसील कार्यालयातून मला सांगणं होतं, जबरदस्तीनं उचला. ते मला जमलं असतं. चार माणसं जादा मागवली असती तर दहा मिनिटांचं काम. पण दम लागलेली बाई ओढाताणीत दारातच गेली असती. आणि वाचली असती तरी त्यानंतर त्या चार गावांत एकाही आजाऱ्याचं दार आम्हाला उघडलं नसतं. मी माघारी फिरलो. जीपमध्ये बसताना शिपायाला म्हणालो, 'हे सगळं त्या यूट्यूबवाल्यानं पेटवलंय. उद्या सकाळी तो माझ्यासमोर पाहिजे.'

सकाळी तो समोर होता. बत्तीस-तेहतिशीचा, मोटारसायकलवर 'पत्रकार' अशी पाटी, पूर्वी मोबाईल दुरुस्तीचं दुकान. खुर्चीत ऐटीत बसला होता. माझ्यासोबत आमचे जुने हवालदार होते, त्याच भागातले, स्वतः लिंगायत.

चौकशीत माझी एक पद्धत होती. ओरडायचं नाही. एकच प्रश्न तीन वेळा, तीन अंतरांनी विचारायचा. खरं उत्तर तिन्ही वेळा जवळपास सारखं येतं. बनवलेलं उत्तर दर वेळी जास्त नटून येतं.

'किडन्या काढल्याचं तुला कुणी सांगितलं?'

'लोकं बोलत होते.'

चहा पाजला, घरची चौकशी केली, पुन्हा विचारलं. आता एका कंपाउंडरनं सांगितलं होतं. आणखी थोड्या वेळानं विचारलं तर कंपाउंडरनं म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. मी कागद पुढं सरकवला आणि म्हणालो, 'कंपाउंडरचं नाव लिही.' त्यानं पेन खाली ठेवलं.

'नाव न्हाई साहेब. किडनीचं मीच घातलं.'

'का?'

'नुसतं डबीचं कोण बघतंय?'

'कसली डबी?'

त्यानं खुर्ची जरा पुढं ओढली. मग जरा धीर करून म्हणाला, 'साहेब, तुमी व्हिडिओ पूर्ण बघितला न्हाई का?'

नव्हता बघितला. शिपायानं किडनीची जागा काढून दिली होती आणि मी तिथूनच पुढं पाहिलं होतं. सुरुवातीची चार मिनिटं मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या गुन्ह्यात एखाद्या अंमलदारानं असं केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

आम्ही तो मोबाईल टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून लावला. अप्पांचा मुलगा अंगणात उभा. एका हातात पेपरचं कात्रण. तो माझी ओळ मोठ्यानं वाचतो, 'धार्मिक परंपरेनुसार सर्व विधी करून.' मग दुसऱ्या हाताची मूठ उघडतो. तळहातावर दोरा ओवलेली चांदीची छोटी डबी. म्हणतो, 'हे तर दवाखान्यानं घरी पाठवलंय. मंग कोणचे विधी केले?'

मी हवालदारांकडं पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

'साहेब, ही नुसती डबी न्हाई,' ते म्हणाले. 'ह्यात इष्टलिंग असतं. आमच्यात लहानपणी गळ्यात येतं, ते मरेस्तोवर उतरवत न्हाईत. माणूस गेला की त्याला बसवून माती देतात आन् हे त्याच्या तळहातावर ठेवतात. ते त्याच्यासंगं जातं. घरी माघारी येतच न्हाई.'

'आणि आलं तर?'

'तर घरच्यांनी काय समजावं? एक तर पुरला तो माणूस दुसराच कुणी, न्हाईतर आपल्या माणसाची इटंबना केली. त्यात पेपरात येतं की सगळे विधी झाले. ती डबी समोर ठेवून ते पेपर वाचत होते साहेब.'

'तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?'

'तुमी इचारलं न्हाई,' हवालदार म्हणाले. 'आन् छापून आल्यावर काय सांगावं. सही तुमची व्हती.'

अफवा कुणी पसरवली याचा तपास करायला मी निघालो होतो. किडनीची थाप त्या यूट्यूबवाल्याची होती आणि त्याच्यावर गुन्हा झालाच. पण ती थाप लोकांच्या गळी उतरली, कारण आदल्या दिवशी पोलिसांची थाप त्यांच्या घरात उघडी पडली होती. लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टीत जो खोटं बोलतो, त्याचं त्यांना ठाऊक नसलेल्या गोष्टीत कोण ऐकेल? ती पहिली थाप माझी होती.

मी केंद्रातून अप्पांच्या वस्तूंची यादी मागवली. चष्मा, घड्याळ, पाकीट, आणि चौथ्या ओळीत स्वच्छ अक्षरात 'चांदीची डबी एक, दोऱ्यासह'. खाली सिस्टरची सही. मी त्यांना फोन केला. विदर्भातली मुलगी, कंत्राटी नेमणूक. मी डबीचं विचारलं. ती म्हणाली, 'मीच काढली सर. मास्कच्या पट्ट्यात दोरा अडकत होता. दागिना आहे, हरवायला नको, म्हणून जपून ठेवली आणि घरच्यांना दिली. आमच्याकडं कुणी घालत नाही असं. मला खरंच माहीत नव्हतं.' प्रामाणिकपणानं केलेलं काम, आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं होतं.

'हेच त्यांच्या दारात येऊन सांगाल?'

'येते.'

तिचे वरचे अधिकारी मात्र तयार नव्हते. मोठे डॉक्टर, अनुभवी माणूस. मला म्हणाले, 'इन्स्पेक्टर, आपण चूक कबूल केली की लोक आणखी भडकतात. या लोकांना शास्त्र कळत नाही. तुम्ही कायद्याचा धाक दाखवा.' मी म्हणालो, 'धाक दाखवून झाला साहेब. बाईचा श्वास संपत चाललाय.' ते म्हणाले, 'माझी परवानगी नाही.' मी म्हणालो, 'मी गुन्ह्याच्या चौकशीसाठी साक्षीदार नेतोय. त्याला तुमची परवानगी लागत नाही.' आणि फोन ठेवला.

दुपारी आम्ही त्या गल्लीत गेलो. रुग्णवाहिका बाहेर रस्त्यावर थांबवली. मी, हवालदार आणि सिस्टर पायी आत गेलो. लोक जमले. मुलगा पुन्हा उंबऱ्यात. मी ठरवूनच मोठ्या आवाजात बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

'पेपरात छापून आलेली ती ओळ मी लिहिली. ती खोटी होती. विधी झाले की नाही हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मनानं लिहिलं. चूक माझी आहे.'

मुलगा दारातून जरासा बाजूला झाला, आणि त्याच्या मागून काकू भिंत धरत बाहेर आल्या. ओठ काळपट पडले होते, चार शब्दांत दम लागत होता. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. सिस्टरकडं बघत होत्या.

'तू काढली का?'

'हो काकू. मीच.'

'त्यांनी मागितली का माघारी?'

मला वाटलं, आता ही मुलगी नाही म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो.

'दोनदा मागितली,' सिस्टर म्हणाली. 'मी म्हटलं थोड्या वेळानं देते. पलीकडचा पेशंट तेव्हाच बिघडला. मी परत आले तेव्हा अप्पा गेले होते.' ती एक पाऊल पुढं आली. 'त्यांना कुणी चिरलं नाही काकू. मीच तोंड पुसलं आणि मीच पिशवी बंद केली. तेव्हाही ते लक्षात आलं नाही.'

काकू उंबऱ्यावरच बसल्या. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग मुलाला म्हणाल्या, 'ही खरं बोलती. सवताच्या अंगावर घेऊन खोटं कोण बोलंल?' आणि सिस्टरला म्हणाल्या, 'माझी काढायची न्हाई.'

'गळ्यात ठेवली तर पट्ट्यात अडकेल. मनगटाला बांधते, घट्ट.'

'आन् मी गेले तर?'

'तर तळहातात ठेवीन. तुमच्या मुलाला दाखवूनच पिशवी बंद करीन. माझी ड्यूटी नसली तरी येईन.'

'बसवून देतील का माती?'

'ते माझ्या हातात नाही काकू. ते मी कबूल करत नाही.'

मला वाटतं, काकूंनी चपला मागितल्या त्या या उत्तरावर. सिस्टरनं त्यांना धरून रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. गल्ली दोन्ही बाजूंना सरकून उभी होती.

अप्पांची डबी दोन दिवसांनी जंगम महाराजांना, म्हणजे त्यांच्या समाजाच्या गुरूंना, विचारून मुलानं त्यांच्या मातीच्या जागी ठेवली. त्याची परवानगी मी काढून दिली. नवी प्रेस नोटही दिली, 'आधीच्या नोटमधील माहिती न पडताळता दिली होती.' बहुतेकांनी ती छापलीच नाही. एका पेपरात आली, आतल्या पानावर. वरिष्ठांनी मात्र ती बरोबर वाचली आणि माझा खुलासा मागवला.

काकू नवव्या दिवशी गेल्या.

सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. निरोप मिळताच ती केंद्रात आली. व्हिडिओ कॉलवर मुलाला आईचा चेहरा दाखवला, मनगटाची डबी सोडून तळहातावर ठेवली, बोटं मिटली, आणि मगच पिशवी बंद केली. हे मला हवालदारांनी सांगितलं. मी गल्लीत बंदोबस्त लावायच्या तयारीत होतो. तो लागला नाही.

पंधरा दिवसांनी मुलगा ठाण्यात आला. मला वाटलं, तक्रार घेऊन आलाय. त्यानं वहीचं एक पान टेबलावर ठेवलं. गल्लीतली सगळी नावं होती. म्हणाला, 'लस घेतो आमी. पर त्या सिस्टर असल्या तरच.'

चौकशी केली तर सिस्टरचा कंत्राटी आदेश पुढं वाढवलाच नव्हता. संस्थेची बदनामी केली म्हणून. ज्या एका माणसावर चार गावांचा विश्वास बसला होता, त्याच माणसाला यांनी घरी पाठवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी त्या पानाची झेरॉक्स आणि माझ्या चुकीचा लेखी जबाब घेऊन जिल्ह्याला गेलो. पहिल्या दिवशी भेट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाकावर बसून राहिलो. शेवटी एका अधिकाऱ्यानं दोन्ही कागद शांतपणे वाचले. पुढच्या आठवड्यात सिस्टर गावच्या शाळेत टेबल मांडून बसली होती आणि बाहेर रांग होती.

मुलगा लस घेऊन बाहेर आला आणि माझ्याजवळ थांबला.

'साहेब, माय चार दिवस आधी गेली असती तर वाचली असती का?'

नोकरीत शेकडो नातेवाइकांना मी उत्तरं दिली होती. 'आपल्या हातात काय असतं' हे वाक्य ओठांवर तयार होतं. पण मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं.

'डॉक्टर म्हणाले, बहुतेक वाचल्या असत्या.'

'मंग ते चार दिवस कुणापायी गेले?'

'माझ्या ओळीपायी,' मी म्हणालो. 'तुम्ही दार उघडलं नाही, कारण मी खोटं लिहिलं होतं.'

त्यानं दंडावरचा कापूस काढून खिशात टाकला. मग म्हणाला, 'काचेवरचा दगड माझा व्हता साहेब. ती गाडी मायला तपासायलाच आलती. लिहून घ्या.'

पाच आठवडे ज्या गुन्ह्यात 'आरोपी अज्ञात' होता, तो असा उघडकीस आला. चौतीस वर्षांत मी पुष्कळांना बोलतं केलं, पण त्या दिवशी आधी मी बोललो होतो. लोकांचा डॉक्टरवर, पेपरवर, पोलिसांवर विश्वास राहिला नाही, अशी आजही सगळे तक्रार करतात. मी ती करत नाही. माझ्या ओळीवर विश्वास ठेवायला नको होताच, आणि त्याची किंमत काकूंनी मोजली. मी त्यांचा श्वास मोजत होतो आणि तो जिच्यामुळं तुटला ती नोट माझ्याच टेबलावर पडली होती. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

ठाण्यात बसून मी त्याचा जबाब लिहिला. पोलिसांपुढच्या अशा कबुलीला कोर्टात किंमत नसते, हेही त्याला सांगितलं. रिवाजाप्रमाणे वाचून दाखवायला लागलो तर त्यानं हात पुढं केला.

'द्या हिकडं. मीच वाचतो.'

त्यानं तो कागद दोनदा वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. मी 'दगड मारले' लिहिलं होतं. म्हणाला, 'एकच मारला साहेब.' मी खोडून बरोबर केलं.